धाव

वैनगंगा एरवी दक्षिणेची वाट चालणारी. पण मार्कंड्याला आली की उत्तरेकडे वळते. म्हणूनच तेथे तीर्थ, देवळे आणि महाशिवरात्रीची जत्रा. माझ्या लहानपणी आम्ही त्या जत्रेला बैलगाडीने जात असू. एका वर्षी नदीच्या वाळूत आमची गाडी रुतली. बैल गुडघ्यावर आले तरी चाक हलेना. मागून आलेली दुसरी गाडी मात्र, आमच्याहून हलके बैल असूनही, सरळ पार झाली. वडिलांनी संतापून तुतारी उगारली. तोच आमच्याबरोबरचे म्हातारे सुतारकाका खाली उतरले, चाकाशी वाकले आणि म्हणाले, "बैल नाई हरला बापू, चाक हरलं."

पुढे गेलेल्या त्या गाडीची धाव आमच्या धावेपेक्षा दोन बोटे रुंद होती. चाकाच्या कडेवरची लोखंडी पट्टी, ती धाव. अरुंद धाव कठीण रस्त्यावर हलकी चालते, पण वाळूत सुरीसारखी शिरते. रुंद धाव तेच ओझे पसरून वाहते.

ही धाव बसविणे म्हणजे एक सोहळाच असे. आमच्या जंगलातल्या तिवसाचे वा बाभळीचे पाटे, मधे तुंबा, त्यांत ठोकलेले आरे असे चाक आधी सिद्ध होई. धाव मुद्दामच चाकापेक्षा किंचित लहान करीत. मग गोवऱ्या रचून ती लाल होईपर्यंत तापवायची, सांडशीने उचलून चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचे. लोखंड आकसे आणि साऱ्या लाकडाला एका मिठीत आवळून टाकी. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव ढिली झाली, की गाडीवान चाके पाण्यात भिजत ठेवी.

धावेच्या रुंदीची चिंता राजदरबारांनीही वाहिली आहे. अरुंद चाके रस्ते उकरतात म्हणून इंग्लंडच्या संसदेने १७५३ साली अवजड गाड्यांना नऊ इंच रुंद चाके लावण्याचा कायदा केला. पुढे १८४५ साली थॉमसनने हवेच्या चाकाचे पेटंट घेतले. ते जग विसरले. १८८८ साली डनलपने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी ते पुन्हा शोधले. ट्रॅक्टर मात्र बराच काळ लोखंडी दातेरी चाकांवरच चालत होता. १९३२ साली अमेरिकेत अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने रबरी टायरचा ट्रॅक्टर आणला. शेतकऱ्यांना भरवसा वाटेना, म्हणून तेथल्या जत्रांतून ट्रॅक्टरच्या शर्यती लावून दाखविल्या! आपल्याकडे १९३६ साली बंगालमध्ये साहागंजला डनलपचा कारखाना निघाला आणि पुढे बैलगाडीखालीही टायर आले.

आता परदेशात ट्रॅक्टरने ओझे ओढण्याच्या स्पर्धा होतात. मागच्या घसरगाडीवरचे वजन ट्रॅक्टर पुढे जाईल तसे पुढे सरकते आणि ओढ वाढत जाते. तेथील स्पर्धक इंजिनाइतकीच टायरची आराधना करतात. मैदानाची माती पाहून टायरचे दात तासून धारदार करतात. हवा बेताची ठेवतात, म्हणजे टायर पसरून माती धरतो. हवा फार भरली तर पकड जाते, फारच कमी केली तर टायर रिमवरून निसटतो. आमच्या धानाच्या बांधीत चिखलणीला लोखंडी पिंजऱ्याची चाके लावतात, तेही याच शहाणपणाने. उलट शंकरपटाच्या कठीण धावपट्टीवर हलके चाकच बरे. ओझे, वेग आणि जमीन या तिघांना विचारूनच चाक निवडावे लागते.

सुतारकाका आता नाहीत. गावात गोवऱ्यांचा तो जाळही पेटत नाही. पण त्या दिवशी त्यांनी आमच्या गाडीतली माणसे उतरविली, चाकांपुढे पळसाच्या फांद्या अंथरल्या, आणि तेच थकलेले बैल गाडी घेऊन बाहेर आले. वडिलांनी तुतारी गाडीत टाकली आणि बैलांच्या पाठीवरून हात फिरवीत ते पायी चालू लागले.

मी मास्तर झालो. वर्गात एखादे पोर अडले, चार वेळा सांगूनही पुढे सरकेना, की माझाही आवाज चढू लागतो. अशा वेळी मला वैनगंगेची ती वाळू आठवते. मी खाली बसतो आणि आधी चाक पाहतो.