अस्मानी कीं सुलतानी? : वृक्षवलयांची साक्ष

आपल्या जुन्या दप्तरांत गांव ओस पडल्याची हकीकत येते तेव्हां तिचें कारण बहुधा दोनच शब्दांत दिलेलें असतें : अस्मानी किंवा सुलतानी. पाऊस न पडल्यानें पीक बुडालें तर ती अस्मानी. फौजेच्या पायमल्लीनें बुडालें तर ती सुलतानी. परंतु हीं दोन संकटें पुष्कळदां एकाच वेळीं येतात. इ. स. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें पुणें उद्ध्वस्त केलें, आणि त्याच वेळीं गुजराथ व दख्खन या प्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. अशा प्रसंगीं रयत परागंदा झाली ती कशामुळें, हें केवळ कागदांवरून ठरविणें कठीण. सूट मागणाऱ्यास अस्मानी वाढवून सांगण्यांत हित असतें. प्रतिपक्षाच्या लेखकास सुलतानी वाढवून सांगण्यांत. यांपैकीं कोणत्याच पक्षाचा नसलेला एक साक्षीदार आहे, तो म्हणजे वृक्ष. त्याची साक्ष कशी घ्यावी आणि ती कोठवर मानावी, याचा विचार येथें करावयाचा आहे.

झाडास पाण्याची तूट भासूं लागली म्हणजे तें पानांवरील सूक्ष्म रंध्रें मिटून घेतें. त्यायोगें पाणी वांचतें. पण त्याच रंध्रांवाटे अन्नास लागणारा वायु आंत यावयाचा असल्यामुळें अन्न तयार होण्याचें कामही मंदावतें. सालीखालचा जो पातळ थर दरवर्षीं नवें लाकूड घडवितो, त्यांतून मग पेशी थोड्या निपजतात व लहान राहतात. परिणामीं त्या वर्षाचें वलय अरुंद उमटतें.

हीं वलयें वाचण्याची शास्त्रशुद्ध पद्धति अमेरिकन ज्योतिषी ए. ई. डग्लस यानें घालून दिली. सूर्यावरील डागांच्या चक्राचा पावसावर परिणाम होतो कीं काय, हें पाहण्यासाठीं त्यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं आरिझोनांतील पाइन वृक्षांचीं वलयें मोजण्यास सुरुवात केली. रुंद-अरुंद वलयांचा क्रम एका टापूंतील झाडांत सारखा आढळतो, हें त्याच्या ध्यानीं आलें. जिवंत झाडाचीं आंतलीं वलयें व जुन्या तुळईचीं बाहेरचीं वलयें यांचा क्रम जुळला कीं काळाची सांखळी मागें वाढते. आपण दोन शकावल्या ताडून पाहतों, तशांतलाच हा प्रकार. २२ जून १९२९ रोजीं शो लो या गांवीं मिळालेल्या एका जळक्या तुळईनें या सांखळींतील तुटलेला दुवा सांधला, आणि प्युब्लो लोकांच्या ओसाड वसाहतींचे काल वर्षावारीनें ठरले. १२७६ ते १२९९ या वर्षांचीं वलयें विलक्षण अरुंद निघालीं. कड्यांतील घरें सोडून लोक गेले तो काळ हाच. तरीही त्या स्थलांतरामागें आपसांतील कलहही होता, असा पुरावा पुढील संशोधकांनीं मांडला आहे.

झाड न तोडतां पोकळ गिरमिटानें खोडांतून पेन्सिलीहून बारीक सळई काढतात, ती घासून गुळगुळीत करतात आणि सूक्ष्मदर्शकाखालीं प्रत्येक वलय मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. कडक अवर्षणांत एखादें वलय मुळींच उमटत नाहीं, तर कधीं एकाच वर्षांत दोन उमटल्याचा भास होतो. म्हणून अनेक झाडें ताडून पाहिल्यावांचून साल ठरवीत नाहींत. तरुणपणीं वलयें स्वभावतःच रुंद असतात. तो वयाचा भाग हिशेबांतून वजा करावा लागतो. शेवटीं हे आंकडे पर्जन्यमापकाच्या नोंदींशीं जुळवून पाहतात.

उष्ण प्रदेशांतील पुष्कळ झाडांत वलयें स्पष्ट नसतात. साग मात्र उन्हाळ्यांत पानें गाळतो व पावसाच्या आरंभीं मोठ्या छिद्रांची ओळ उमटवितो. त्यामुळें त्याची वर्षरेषा नुसत्या डोळ्यांनीं दिसते. बर्लागे यानें १९३१ सालीं जावा बेटांतील सागाची १५१४ ते १९२९ पर्यंतची मालिका प्रसिद्ध केली. आपल्याकडे पंत व बोरगांवकर यांनीं ठाणें भागांतील सागाचा अभ्यास १९८३ त प्रसिद्ध केला. आणि २०१० सालीं दक्षिण हिंदुस्थानांतील सागाची ५२३ वर्षांची मालिका पुढें आली. त्याच वर्षीं एडवर्ड कुक व त्यांचे सहकारी यांनीं आशिया खंडांतील तीनशेंहून अधिक वलयमालिका एकत्र करून जीं मोठीं अवर्षणें दाखविलीं, त्यांत १७९० ते १७९६ व १८७६ ते १८७८ हीं वर्षें आहेत.

यांपैकीं पहिलें उदाहरण आपल्या विशेष उपयोगाचें आहे. १७९१-९२ च्या ‘कवट्यांच्या दुष्काळा’च्या वेळीं परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजा टिपूवरील मोहिमेंत कर्नाटकांत होत्या. तेव्हां सर्व दोष फौजांकडे लावण्याचा मोह होणें साहजिक आहे. परंतु पावसानेंही दगा दिला होता, असें वलयें सांगतात. दुसऱ्या उदाहरणांत या साक्षीची मर्यादा दिसते. १८७६-७८ चें अवर्षण खरें. पण १८७७ सालीं सर रिचर्ड टेंपल यांनीं मद्रास इलाख्यांत दुष्काळी कामावरील पुरुषाची रोजी एक रत्तल धान्य व एक आणा इतकी खालीं आणली, ही गोष्ट कोणत्याही खोडांत नोंदलेली नाहीं. ती कागदांतच सांपडते. वृक्ष पाणी होतें कीं नव्हतें एवढेंच सांगतो. माणसें कां मेलीं, हें दप्तरास विचारावें लागतें.

एका परगण्याचा निर्णय करावयाचा तर त्याच टापूंतील जुनें लाकूड पाहिजे, आणि तें जुन्या वाड्यांत आहे. वाडा पाडला कीं सागवानी तुळया वखारींत जातात व रंधून विकल्या जातात. बाहेरचीं वलयें गेलीं म्हणजे झाड कधीं तोडलें हें सांगणारा पुरावाच जातो. लाकूड मलबारांतून किंवा ब्रह्मदेशांतून आलेलें असण्याचा संभव असल्यानें त्याचें मूळ स्थानही तपासलें पाहिजे. रद्दींतून दप्तरें वांचविणाऱ्या अभ्यासकांनीं पाडल्या जाणाऱ्या वाड्याच्या तुळईची सालीकडील कडेसह एक चकती कापून घ्यावी आणि तिच्यावर गांव, वाडा व मिति लिहून ती दप्तराशेजारीं ठेवावी. या दोन साक्षी एकत्र आल्या, तरच अस्मानी व सुलतानी यांचा हिशेब वेगळा करतां येईल.