सोसेल असे लोखंड

रक्तवाढीच्या गोळ्या हातावर ठेवताना आशाताई हमखास सांगतात, शौचाला काळे होईल, घाबरू नका. आणि उपाशीपोटी सोसत नसेल तर जेवणानंतर घ्या, पण वर लगेच चहा नको. तरीही चार दिवसांत मळमळ सुरू होते, पोट ढवळते, खडा धरतो आणि पाकीट फडताळात मागे सरकते. ही तक्रार गोळीइतकीच जुनी असेल, असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती गोळीहून कितीतरी जुनी आहे. औषध म्हणून लोखंड पोटात घ्यायला माणसाने सुरुवात केली, तेव्हापासून ते पोटाला सोसवायचे कसे, याच विवंचनेत वैद्य आहेत.

चरकसंहितेतल्या पांडुरोगाच्या प्रकरणात आपल्याला नवायस चूर्ण भेटते. त्रिफळा, त्रिकटू, नागरमोथा, वावडिंग आणि चित्रक अशी नऊ द्रव्ये, त्या नऊंच्या बरोबरीने लोहचूर्ण, आणि हे सगळे मध-तुपातून चाटायचे. सुश्रुताकडे गेलो तर तिथे लोखंडाचे पातळ पत्रे क्षारलवणांनी लिंपून, गोवऱ्यांच्या विस्तवावर तापवून त्रिफळा वगैरेंच्या काढ्यात विझवायला सांगितले आहेत, तेही सोळा वेळा. पुढे रसशास्त्राच्या काळात हा खटाटोप आणखी वाढला. शोधन झाले, काढ्यांत घोटण्याच्या भावना आल्या, भट्टीत भाजण्याची पुटांवर पुटे आली. भस्म सिद्ध झाले की नाही हे पाहायची परीक्षाही ठरली: चिमूट अंगठ्या-तर्जनीत चोळली तर बोटांच्या रेषांत भरली पाहिजे, आणि पाण्यावर सोडली तर तरंगली पाहिजे. मंडूर, म्हणजे लोखंडाचा कीट, जितका जुना तितका चांगला. शंभर वर्षांचा उत्तम, ऐंशीचा मध्यम, साठीचा कनिष्ठ. सोळाव्या शतकातला भावप्रकाश हा ग्रंथ अशुद्ध लोहाचे दोष मोजताना शूळाबरोबर मळमळही मोजतो, आणि माझ्या मते या साऱ्या उपद्व्यापाचे एक मोठे कारण तिथेच सापडते. त्रिफळ्यात आवळा होता म्हणून आपल्या पूर्वजांना लोह शोषायला मदत करणाऱ्या क जीवनसत्त्वाचा महिमा ठाऊक होता, असे मात्र कोणी म्हणू नये. एवढ्या आगीतून त्यातले किती उरत असेल, ही शंकाच आहे.

युरोपात हीच वाट वेगळ्या मुलखातून गेली. तिथे वयात आलेल्या मुली फिकट, हिरवट पडत, थोडे चालल्या तरी धापा टाकत. 1554 मध्ये योहानेस लांगे याने या दुखण्याला कुमारिकांचा रोग म्हटले आणि लग्न हा उपाय सुचवला. शतकभराने लंडनच्या थॉमस सिडनहॅमने पोलादाचा कीस वाइनमध्ये भिजवून द्यायला सुरुवात केली. गंमत अशी, की रक्तात लोह असते हे तोवर कोणालाच माहीत नव्हते. 1713 मध्ये पॅरिसला लेमरी आणि जोफ्रॉय यांना रक्ताच्या राखेत ते सापडले, आणि 1740 च्या दशकात बोलोन्याच्या मेंगिनीने जाळलेल्या रक्ताची पूड लोहचुंबकाने उचलून दाखवली. 1832 च्या सुमारास फ्रान्समधल्या बोकेर गावच्या पिएर ब्लो या डॉक्टरने हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, आणि पोटॅशियम कार्बोनेट घोटून गोळ्या वळल्या, आणि आजच्या गोळीची खरी पणजी जन्माला आली. त्या गोळ्या जगभर गेल्या. पण शतक संपता संपता बाझलच्या बुंगे या नामांकित रसायनतज्ज्ञाने असे मांडले, की अन्नातले लोह तेवढे अंगी लागते, औषधातले खनिज लोह रक्तात शिरतच नाही. 1893 मध्ये एडिनबरोच्या राल्फ स्टॉकमनने हा दावा खोडला. त्याने आजारी मुलींना लोह टोचूनही दिले आणि पोटातूनही दिले. दोन्ही वाटांनी रक्त वाढले.

या गोळीत पुढे जो जोडीदार आला, त्याचा माग मात्र थेट मुंबईला येतो. 1928 मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली. कापड गिरण्यांतल्या गरीब गरोदर बायकांना एक घातक पांडुरोग होत होता. त्यात रक्तपेशी कमी होत, पण आकाराने मोठ्या होत. परळच्या हाफकिन संस्थेत तिने आधी उंदरांवर आणि माकडांवर निरनिराळे आहार तपासले. शेवटी यीस्टच्या स्वस्तातल्या अर्काने, म्हणजे पावाला लावायच्या मार्माइटने, हा आजार बरा होतो हे 1931 मध्ये तिने जाहीर केले. त्यातले नेमके द्रव्य दहा वर्षांनी अमेरिकेत चार टन पालकातून वेगळे काढले गेले. तेच फॉलिक ॲसिड.

1970 मध्ये भारत सरकारने लोह आणि फॉलिक ॲसिड एका गोळीत घालून गरोदर बायकांना वाटायला घेतले. तेव्हा लोह होते 60 मिलिग्रॅम. रक्त वाढेना, म्हणून 1990 च्या दशकात मात्रा 100 वर नेली. इथेच वैद्यक जरा घाईवर आले असे मला वाटते, कारण गिळलेल्या लोहातले थोडेच रक्तात जाते. उरलेले आतड्यात राहून अस्तराला चाळवते आणि शौच काळे करते. मात्रा वाढली की तक्रारही वाढते. पोट वाचवायला हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या निघाल्या, तर त्या लोह शोषणारा आतड्याचा सुरुवातीचा भाग ओलांडून पुढे जाऊन फुटू लागल्या. गोळ्या टाकून देणाऱ्या बायकांना आपण वर्षानुवर्षे अडाणी म्हटले. त्यांचे पोट काय सांगत होते, ते फारसे कोणी विचारले नाही.

2000 च्या सुमारास यकृतातून स्रवणारे हेप्सिडिन हे संप्रेरक सापडले आणि चित्र पालटले. मोठी मात्रा पोटात गेली, की हेप्सिडिन वाढते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लोहाची वाट अडवते. झुरिकच्या संशोधकांनी 2015 आणि 2017 मध्ये लोह कमी असलेल्या तरुणींवर प्रयोग केले. त्यांत एक दिवसाआड दिलेल्या गोळीतले लोह रोजच्या गोळीपेक्षा जास्त प्रमाणात अंगी लागले. 2018 च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’मध्ये मात्रा पुन्हा 60 मिलिग्रॅमवर आली आहे. शाळकरी किशोरींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते. गरोदरपणात मात्र लाल गोळी 180 दिवस रोजच घ्यायची असते, आणि सोबत कॅल्शियमचीही असते. या दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे लागते, कारण कॅल्शियम लोहाला आत नीट शिरू देत नाही.