नमुना कधी घेतला?

कर्नाटकातल्या जोयड्याहून बेळगावच्या मोठ्या रुग्णालयात जायचे तर जगलबेट, रामनगर, लोंढा, खानापूर असा रस्ता. हृदयाची शस्त्रक्रिया झालेला माणूस या वाटेने तपासणीला निघतो तेव्हा त्याच्या पिशवीत अहवालांची फाइल असते. प्रत्येक अहवालावर आकडा असतो आणि नमुना घेतल्याची वेळही असते. आपण आकडा पाहतो आणि वेळेकडे काणाडोळा करतो. रक्तातल्या जैवनिर्देशकांच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्याने आधी ही सवय मोडावी.

ट्रोपोनिनचेच घ्या. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरते. छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसात ते थोडे वाढले तरी धावपळ सुरू होते. शस्त्रक्रियेत तर हृदय थांबवलेले, शिवलेले असते; ते वाढणारच. मग काळजी कधी करायची? नेहमीच्या मर्यादेच्या १०, ३५, ७० पट असे उंबरठे आधीपासून प्रचलित होते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, १२ देशांतल्या १३,८६२ रुग्णांच्या अभ्यासात बायपास किंवा महाधमनीची झडप बदलल्यानंतरच्या पहिल्या दिवसात नेहमीच्या मर्यादेच्या सुमारे २१८ पट पातळी गाठल्यावर तीस दिवसांतल्या मृत्यूचा धोका वाढलेला आढळला. आकड्याचा अर्थ असा प्रसंगावर ठरतो.

शस्त्रक्रियेत मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते, आणि त्याचे दुखणे आणखी उशिरा बोलते. रक्तातले क्रिएटिनिन ४८ तासांत डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढले तर इजा झाली असे मानतात; पण हृदय-फुप्फुस यंत्रावर असताना दिलेल्या द्रवांनी रक्त पातळ होते आणि ही वाढ झाकली जाते. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांच्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एनगॅल हे प्रथिन दोन तासांतच वाढलेले दिसले, तर क्रिएटिनिनला एक ते तीन दिवस लागले. प्रौढांमध्ये मात्र एनगॅल इतके भरवशाचे ठरले नाही. नवा निर्देशक आला की त्याच्यावर भाळण्याआधी तो कोणत्या वयाच्या, कोणत्या रुग्णांत तपासला हे विचारावे.

इथवरचे मोजमाप रुग्णालयात होते. धातूची झडप बसवलेल्या माणसाचे मोजमाप घरी आल्यावर सुरू होते आणि जन्मभर चालते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेली झडप १९९० च्या डिसेंबरात प्रथम माणसाला बसवली गेली, आणि देशी झडपेची वाट खुली झाली. झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी रोज घ्यावी लागते. ती पुरेशी आहे की जास्त, हे रक्त गोठण्याच्या चाचणीतला आयएनआर हा आकडा सांगतो. पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेचे अभिकर्मक वेगळे, म्हणून निकालही वेगळे. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे सामायिक माप स्वीकारले, आणि दांडेलीतल्या प्रयोगशाळेचा आकडा बेळगावात वाचता येऊ लागला.

तरी जोयड्याचा पाऊस या मापात ढवळाढवळ करतो. पावसाळ्यात अळू, टाकळा, कुर्डू अशा भाज्या ताटात येतात. हिरव्या पानांत या गोळीचा परिणाम कमी करणारे के जीवनसत्त्व भरपूर, म्हणून ती एकदम वाढली की आयएनआर उतरतो. त्याच अळूच्या कंदात मात्र ते नगण्य असते. भाजी बंद करण्याची गरज नाही. ती वर्षभर साधारण सारख्या प्रमाणात खावी, आणि मोसम बदलला की तपासणी आधी करावी.

सुपा गाव काळी नदीवरच्या धरणाखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. वस्त्या मात्र रानात विखुरलेल्याच राहिल्या, आणि तपासणीला दूर जावे लागते. अशा ठिकाणी रुग्णाने जपलेली साधी वहीही संशोधनाचे साधन ठरते: तारीख, गोळीची मात्रा, आयएनआर, त्या आठवड्यात काय खाल्ले आणि तपासणी कुठे केली. या पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणांतली सूत्रे अवघड वाटली, तर अशी एखादी वही मागून घ्यावी आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंतची पाने सलग वाचावीत. नंतर सूत्रांकडे यावे.