फुकटच्या सॉफ्टवेअरला नावं ठेवताना

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा ऑपरेटर बातम्या जुन्या फॉन्टमध्येच टाइप करायचा आणि वेबसाइटसाठी तो मजकूर युनिकोडमध्ये न्यावा लागायचा. ज्यांनी डीटीपीचा काळ पाहिलाय त्यांना हे दुखणं सांगायला नको. नेटवर एक फुकट कन्व्हर्टर सापडला. कुणा एकट्या माणसानं बनवलेला, कोडही सगळ्यांसाठी खुला ठेवलेला. वर्षभर वापरला. एकदाही 'धन्यवाद' म्हटलं नाही, ते आधीच कबूल करतो.

मग एक दिवस शाळेच्या पोषण आहाराची बातमी लागली. मथळा हवा होता 'आचाऱ्यांचे मानधन थकले'. वेबसाइटवर गेला 'आचार्यांचे मानधन थकले'. दोन दिवस गावभर हसं झालं. एका मठातून फोन आला, "आमचं कुठलं मानधन थकलंय म्हणे?"

मी रागारागात त्या कन्व्हर्टरवाल्याला मेल टाकला. मराठी येत नसेल तर असली भिकार टूलं बनवता कशाला, असा एकूण सूर. दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यात राग नव्हता, तीन प्रश्न होते. फॉन्ट कुठला? कीबोर्ड कुठला? मूळ फाइलमधल्या दोन-तीन ओळी पाठवता का?

मी उत्तर दिलं नाही. पाच मिनिटांचं काम होतं. पण खरं सांगू? शिव्या देऊन माझं काम झालेलं होतं.

या मेलकडे परत येतो. आधी थोडा इतिहास, कारण ओपन सोर्सचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, दान मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, फुकट मिळतंय तर गप वापरा. दुसरे म्हणतात, फुकटचं आहे ना, मग ते तसलंच असणार. माझ्या मते दोघंही चुकतात.

मुळात ही सगळी चळवळच एका तक्रारीतून सुरू झाली. १९८० च्या आसपास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. कागद त्यातही अडकायचा. आधीच्या प्रिंटरच्या वेळी रिचर्ड स्टॉलमन नावाच्या प्रोग्रॅमरनं जुगाड केला होता. कागद अडकला की छपाईची वाट बघणाऱ्या सगळ्यांच्या स्क्रीनवर निरोप जायचा, मग कुणीतरी उठून कागद काढायचं. नव्या प्रिंटरचा कोडच मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्या माणसाकडे तो होता त्यानं दिला नाही, कारण कुणाला देणार नाही असं त्यानं लिहून दिलं होतं. स्टॉलमनचं म्हणणं साधं होतं. दोष मला दिसतोय, दुरुस्त करायला मी तयार आहे, मग अडवता का? त्या रागातून पुढे, २७ सप्टेंबर १९८३ ला, 'जीएनयू' प्रकल्पाची घोषणा झाली. तेव्हा 'फुकट आहे, बोलू नका' हे म्हणणं त्या चळवळीच्याच मुळावर येतं. तिथं 'फ्री' म्हणजे फुकट नाही, मोकळं. दोष काढायलाही मोकळं.

लिनक्सचंही तेच. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या पोरानं पहिली जाहीर सूचना लिहिली, तीच मुळी मिनिक्स ही तेव्हाची प्रणाली वापरणाऱ्यांना तुम्हाला तिच्यात काय आवडतं, काय आवडत नाही, हे विचारण्यासाठी. सूचना करा, पण सगळ्या अमलात आणीन असं वचन देत नाही, हेही सांगून टाकलं. पाच महिन्यांत मिनिक्सचे कर्ते प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी लिनक्स कालबाह्य आहे असं जाहीरपणे लिहिलं. टोरवाल्ड्स भडकला, तोंडाला येईल ते बोलला आणि लगेच सुराबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. भांडण कडाक्याचं होतं, पण कशावरून? प्रणालीच्या गाभ्याची रचना कशी असावी यावरून. आज त्याच लिनक्सच्या गाभ्यावर तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन चालतोय.

आता दुसरी बाजू. न बोलण्यानं काय होतं? एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाचा दोष जाहीर झाला. ओपनएसएसएल म्हणजे वेबसाइट आणि आपल्यातली देवाणघेवाण गुप्त ठेवणारं सॉफ्टवेअर. त्यात पडलेल्या भोकातून सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर, अगदी पासवर्डसुद्धा, बाहेर काढता येत होता. भोक दोन वर्षं उघडं होतं. जगातल्या बड्या कंपन्या ते सॉफ्टवेअर वापरत होत्या, आणि त्या प्रकल्पाला देणग्या मिळत होत्या वर्षाला साधारण दोन हजार डॉलर. पूर्णवेळ माणूस एक. आपल्याकडच्या गणेश मंडळाची वर्गणी याहून जास्त जमते.

ओपनबीएसडी या प्रकल्पातल्या लोकांनी तेव्हा ओपनएसएसएलवर अत्यंत बोचरी टीका केली. पण नुसती टीका करून थांबले नाहीत. कोडची प्रत घेतली, पहिल्याच आठवड्यात सुमारे ९० हजार ओळी कापल्या आणि लिब्रेएसएसएल नावानं स्वतंत्र चूल मांडली. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून लिब्रेऑफिस वेगळं झालं तेही असंच. मालकाचा कारभार पटला नाही, काम करणारे उठले आणि कोड घेऊन निघाले. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये हे करता येत नाही. तिथं नाराज माणूस फार तर पैसे परत मागतो.

अर्थात, कोड लिहिणं तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही. 'एवढं आहे तर तूच दुरुस्त कर' असं वापरणाऱ्याच्या तोंडावर मारणारे प्रोग्रॅमरही मी पाहिलेत. माझ्या मते हा उद्धटपणा आहे. आपण हॉटेलात भाजी खारट आहे म्हटलं, तर आचारी 'मग तूच कर' म्हणत नाही. फरक एवढाच, की हॉटेलात आपण बिल देतो. आणि खरा प्रश्न तिथंच आहे. बिल कुणाला दिलं?

स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग 'कर्ल' नावाचं एक छोटं साधन १९९८ पासून सांभाळतात. ते फोनमध्ये आहे, टीव्हीत आहे, गाड्यांमध्ये आहे. परवान्याच्या मजकुरात त्यांचा मेल असतो, म्हणून गाडीची स्क्रीन बिघडली की माणसं थेट त्यांना लिहितात. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका अब्जावधी डॉलरच्या कंपनीचा मेल आला. 'लॉगफोरजे' या सॉफ्टवेअरमध्ये तेव्हा मोठा दोष सापडला होता, त्याबद्दलची प्रश्नावली २४ तासांत भरून द्या म्हणे. लॉगफोरजेशी स्टेनबर्ग यांचा काडीचा संबंध नव्हता. त्या कंपनीनं त्यांना कधी छदामही दिला नव्हता. ते म्हणाले, सेवेचा करार करा, आनंदानं उत्तरं देतो. कंपनीच्या पुढच्या मेलची सुरुवात 'डेव्हिड' अशी होती. डॅनियल हे नावसुद्धा नीट वाचलं नव्हतं. स्टेनबर्ग यांनी उत्तरात त्यांना 'गोलायथ' म्हटलं, म्हणजे बायबलातल्या डेव्हिडच्या गोष्टीतला राक्षस.

हे आपल्याकडेही लागू आहे. सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं, असं केंद्राचं धोरण २०१५ पासून आहे. चांगलंच आहे. पण शाळेत किंवा कार्यालयात असं काही बसवलं, ते चाललं नाही, की खापर फुटतं 'त्या फुकटच्या सॉफ्टवेअर'वर. सॉफ्टवेअर फुकट असतं, बसवणारा ठेकेदार नसतो. प्रशिक्षणाचं बिल निघालेलं असतं. दुरुस्तीचा करार असतो. तिथं आवाज चढवायचा तर तो त्या बिलावर सही करणाऱ्यापुढे चढवावा. तिथं मीही मागे हटणार नाही. परदेशात कुठंतरी रात्री जागून कोड लिहिणाऱ्या माणसानं तुमच्या तालुक्याकडून एक रुपया घेतलेला नाही.

आता ज्या प्रकरणानं माझी झोप उडवली ते सांगतो.

'एक्सझेड' हे फाइली दाबून लहान करणारं साधन आहे. लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य सर्व्हरांत ते असतं, कुणाचं लक्षही नसतं. फिनलंडचे लॅसे कॉलिन ते वर्षानुवर्षं जवळजवळ एकटेच सांभाळत होते, बिनपगारी. २०२१ च्या शेवटी 'जिया टॅन' नावाचं कुणीतरी मदतीला आलं. छोट्या दुरुस्त्या पाठवू लागलं, गोड बोलू लागलं. २०२२ च्या उन्हाळ्यात अचानक दोन-तीन तक्रारखोर उगवले. एकाचं नाव 'जिगर कुमार', म्हणजे वाचून वाटावं की आपल्याकडचाच कुणी. कामं रखडलीत, तुम्हाला यात रस उरलेला नाही, नवा माणूस आल्याशिवाय काही पुढे सरकणार नाही, असा एकसारखा तगादा. कॉलिन यांनी लिहिलं की रस गेलेला नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक त्रासामुळे फार जमत नाही, आणि हे बिनपैशाचं छंदाचं काम आहे हेही ध्यानात घ्या. त्यावर दुसऱ्यानं लिहिलं की तुमच्या आजाराबद्दल वाईट वाटतं, पण माणसानं आपली मर्यादा ओळखावी, लोकांना जास्त हवंय.

हे वाचताना मला माझा मेल आठवला. शब्द वेगळे, सूर तोच.

कॉलिन यांनी हळूहळू जिया टॅनच्या हाती किल्ल्या दिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत चोरदरवाजा होता. ज्याच्याकडे त्याची गुप्त किल्ली, त्याला परक्या सर्व्हरमध्ये थेट घुसता आलं असतं. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा मिळाले. ते तक्रारखोर इतर कुठंही दिसले नव्हते, पुढेही दिसले नाहीत. सगळी बनावट खाती असावीत असंच जाणकार मानतात. जिया टॅन कोण, हे अजून उघड झालेलं नाही. म्हणजे कुणीतरी विचारपूर्वक ठरवलं होतं, की या माणसाला मोडायचं तर कुलूप फोडायची गरज नाही. असमाधानी ग्राहकाची भूमिका वठवली की पुरे. ही चाल चालली, कारण खरे वापरणारेही असंच बोलतात. त्या गर्दीत चार खोटे आवाज ओळखू येत नाहीत.

आणि वाचवलं कुणी? तेही एका तक्रारीनंच. आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधले अभियंते, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे. वेगाच्या चाचण्या घेताना त्यांना दिसलं की सर्व्हरवर लॉग-इन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण तेवढ्यात जांभईही देत नाही. त्यांनी तो धागा पकडला, आणि २९ मार्च २०२४ ला जाहीर पत्र लिहिलं. जमलं तर ते पत्र मिळवून वाचा. काय दिसलं, कुठल्या आवृत्तीत दिसलं, आधी किती वेळ लागायचा, आता किती लागतो, कोडमध्ये कुठं संशय आहे, सगळं क्रमानं. आपण सुरक्षातज्ज्ञ नाही, हेही स्वतःहून लिहिलेलं. जिया टॅनकडे बोट दाखवतानासुद्धा मोजकं, पुराव्यापुरतं. बहुतेक सर्व्हरांवर ती आवृत्ती पोचायच्या आत ती मागे घेतली गेली.

बातमीदार म्हणून मी ते पत्र दोनदा वाचलं. डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं, काय, कुठं, केव्हा, आणि स्वतःचं मत शेवटी. ते मी बातमीत पाळतो. तक्रारीच्या मेलमध्ये का पाळलं नाही?

एकच बाजू मांडली असं होऊ नये म्हणून सांगतो. बनवणारेही धुतल्या तांदळाचे नाहीत. खुद्द टोरवाल्ड्स यांची भाषा इतकी जहरी असायची, की सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांना जाहीर माफी मागून काही आठवडे कामातून बाजूला व्हावं लागलं. नवख्यानं भीतभीत विचारलेल्या प्रश्नाला कुत्सित उत्तर मिळालं, तर तो माणूस पुढचा दोष दिसूनही गप्प बसतो, आणि ते नुकसान सगळ्यांचंच असतं.

तर, तो मेल. एक्सझेडचं सगळं वाचून झाल्यावर मी जुना मेलबॉक्स उपसला. ते तीन प्रश्न तसेच पडून होते. आधी माफी मागितली. मग फॉन्टचं नाव लिहिलं, कीबोर्ड सांगितला, 'आचाऱ्यांचे' असलेली मूळ फाइल जोडली, काय यायला हवं होतं आणि काय आलं ते लिहिलं. उत्तर चौथ्या दिवशी आलं. आमच्या त्या फॉन्टमध्ये अर्ध्या 'र'च्या आडव्या चिन्हाला दोन वेगवेगळे कोड होते. कन्व्हर्टरला त्यातला एकच माहीत होता, दुसरा दिसला की तो सरळ रफार करून टाकायचा. नमुन्याशिवाय हे त्याला कळणं शक्यच नव्हतं. आठवड्याभरात दुरुस्ती झाली. आता 'दऱ्या'चा 'दर्या' होत नाही.

त्यानं जाता जाता विचारलंय, अशा जुन्या फॉन्टमधल्या आणखी फाइली कुणाकडे आहेत का? आपल्या भागातल्या प्रेसवाल्यांकडे, पतसंस्थांकडे, ग्रामपंचायतींकडे त्या नक्की पडून असतील. असल्यास मला द्या. फॉन्टचं नाव, एक-दोन ओळी, आणि त्या ओळी बरोबर कशा वाचायच्या ते कागदावर लिहून. कुणाची खासगी माहिती असलेली पानं मात्र नकोत. मी एकत्र करून त्याला पाठवतो.