शुभंकर कोणाचा? मीनाच्या जन्माची कथा

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गरजू मुलांच्या साहाय्यार्थ आनंदमेळा भरवावा, असे ठरले, तेव्हा त्याच्या शुभंकराचा प्रश्न निघाला. हसऱ्या बालकाचे चित्र असावे, यावर सर्वांचे एकमत झाले. परंतु त्याच्या मस्तकी पुणेरी पगडी असावी की नसावी, यावर बैठक बरीच लांबली. खमरियात इतकी वर्षे राहूनही आपले मराठीपण जपावयाचे नाही काय, असा एका पक्षाचा सवाल होता. ज्या मुलांसाठी मेळा, त्यांना ही पगडी आपली वाटेल काय, असे दुसरा पक्ष विचारीत होता. दोन्ही प्रश्न खरे होते. म्हणूनच अशाच एका चित्राचा इतिहास येथे सांगावासा वाटतो.

सार्क संघटनेने १९९० हे वर्ष बालिका वर्ष म्हणून पाळले आणि १९९१ ते २००० हे बालिका दशक ठरविले. मुलीला शाळा, पुरेसे अन्न व औषधोपचार मिळावेत, हा विचार घरोघरी कसा पोहोचवावा? युनिसेफने त्यासाठी व्यंगपटातील एक मुलगी निर्माण करण्याचे योजिले आणि तिला रूप देण्याचे काम मुंबईच्या राम मोहन यांच्याकडे आले. राम मोहन (१९३१–२०१९) हे १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात दाखल झाले. डिस्नेच्या संस्थेत काम केलेल्या क्लेअर वीक्स यांनी तेथील कलावंतांना शिक्षण दिले होते. जी. के. गोखले यांच्यासारखे मराठी कलावंतही त्याच विभागातले.

चित्रकाराचा हात तयार होता; परंतु ही मुलगी कोणत्या देशाची दाखवावयाची? भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि नेपाळ, या सर्वांना ती आपली वाटावयास हवी होती. येथे योजकांनी मोठे शहाणपण दाखविले. चेहरा व पोशाख यांचे नमुने घेऊन ते निरनिराळ्या देशांतील मुलांकडे व पालकांकडे गेले, त्यांचे अभिप्राय ऐकले आणि चित्रे पुन्हा पुन्हा बदलली. 'मीना' हे नावही असे निवडले की ते अनेक देशांत आणि हिंदू-मुसलमान अशा दोन्ही घरांत परके वाटू नये. तिच्याबरोबर भाऊ राजू आला आणि मिठू नावाचा पोपट आला.

एका कथेत मीनाला शाळेत पाठवीत नाहीत. मिठू शाळेत जाऊन ऐकतो आणि तिला शिकवितो. त्या मोजणीच्या बळावर ती घरची कोंबडी चोरीस गेल्याचे ओळखते. दुसऱ्या कथेत आंब्याचा मोठा वाटा राजूला मिळतो. मग भाऊ-बहीण एक दिवस कामांची अदलाबदल करतात आणि मीनाचे कष्ट राजूच्या ध्यानी येतात. उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता घरातील अन्याय येथे मुलांना उमगतो. पुढे आपल्या देशातील अनेक शाळांत 'मीना मंच' निघाले. महाराष्ट्रात त्यास राजूचेही नाव जोडले गेले.

मीनाचे यश केवळ रेखाटनात नाही. जिच्यासाठी चित्र काढावयाचे, तिला आधी विचारावयाचे, या रीतीत ते आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेल्या येथील दारूगोळ्याच्या कारखान्याने नाना प्रांतांची कुटुंबे एका वसाहतीत आणली. आपली मुले घरी मराठी व अंगणात हिंदी बोलत वाढली. अंगणातील त्या सोबत्यांना आपण कधी परके मानले नाही. मग मेळ्याच्या चित्रातच का मानावे?

तेव्हा कार्यकारिणीस एक नम्र सूचना करावीशी वाटते. पगडीचा व बिनपगडीचा, असे दोन्ही नमुने घेऊन, ज्या मुलांना साहाय्य पोहोचणार आहे, त्यांच्याकडे आधी जावे. त्यांनी पगडी पसंत केली, तर आपल्याला आनंदच आहे. न केली, तरी मराठीपणास उणेपणा येत नाही. पाहुण्याच्या आवडीचे पान वाढणे, ही आपल्याच घरची रीत आहे.