चंदीगडच्या खुर्च्या : मूळ, नक्कल व मूल्य

ताम्रपट खरा कीं बनावट, सनद मूळ कीं मागाहून रचलेली, हा विचार आमच्या वाचकांस नवा नाहीं. तीच कसोटी आतां एका अलीकडच्या वस्तूस लावण्याचा प्रसंग आला आहे. पंजाबची नवी राजधानी चंदीगड उभारली जात असतां तेथील कचेऱ्या, न्यायालय व विद्यापीठ यांकरितां सागवानी लांकडाच्या व वेताच्या सहस्रावधि खुर्च्या करविण्यांत आल्या. ल कॉर्बूझिए यांचे भाऊबंद पिएर झानरे हे १९५१ पासून १९६५ पर्यंत त्या नगरींत राहिले. या सामानाचें कर्तृत्व मुख्यतः त्यांजकडे जातें. पुढें हेंच सामान टाकाऊ ठरून सरकारी लिलावांत विकलें गेलें आणि यूरोप-अमेरिकेच्या पेठांत मोठ्या किंमतीस चढलें. १९७२ च्या कायद्यानें पुराणवस्तूस शंभर व हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षांची मर्यादा घातली असल्यामुळें या खुर्च्यांस त्याचा आधार नव्हता. २०११ सालीं केंद्रीय गृहखात्यास निराळा आदेश काढावा लागला. किंमत चढली, तशा नकलाहि निघाल्या.

प्रथम 'मूळ' म्हणजे काय तें ठरविलें पाहिजे. या खुर्च्या एका हातच्या नव्हेत. आराखड्यांत युली चौधरी यांच्यासारख्या सहकाऱ्यांचा वांटा होता, आणि घडण अनेक सुतारशाळांतून झाली. म्हणून त्या काळीं, त्या नगरीच्या वास्तूंकरितां, त्या आराखड्यांवरून झालेली ती मूळ, एवढेंच लक्षण आम्हांस ग्राह्य वाटतें. एकाच जातीच्या दोन खुर्च्यांत थोडा मापभेद आढळल्यास तो दोष समजूं नये. उलट सर्व नग तंतोतंत सारखे असल्यास शंका घ्यावी.

लांकूड जुनें म्हणून खुर्ची जुनी, हें अनुमान सदोष आहे. जुन्या कोऱ्या कागदावर नवा लेख लिहितां येतो, तसें पाडलेल्या वाड्याच्या सागवानाची नवी खुर्ची करतां येते. अशा वेळीं बुजविलेलीं खिळ्यांचीं भोंकें, प्रयोजन नसलेल्या खांचा व सांध्यांतील ताजी कापणी हीं साक्ष देतात. झीज योग्य ठिकाणीं आहे काय तेंहि पाहावें: हाताखालीं, बैठकीच्या पुढील कडेस, पायांच्या तळाशीं. वेत मात्र वापरांत तुटतो व पुन्हां विणला जातो. नवा वेत हा नकलेचा पुरावा नव्हे.

सर्वांत बोलका पुरावा म्हणजे खुर्चीवर रंगविलेलीं खात्याचीं अक्षरें व अंक. परंतु तेथेंहि लेख व वस्तु यांचा काळ भिन्न असूं शकतो. उच्च न्यायालयाची इमारत १९५५ त उघडली. त्याच्या नांवांत हरियाणा आलें तें १ नोव्हेंबर १९६६ पासून. तेव्हां ज्या खुणेंत हरियाणाचा निर्देश आहे ती या दिवसापूर्वीची असणें शक्य नाहीं. पण खुर्ची आधींची असून खूण मागाहून घातलेली असूं शकेल. अक्षरांचा रंग झिजेबरोबर झिजलेला आहे, कीं झिजलेल्या लांकडावर ताजा बसला आहे, हें भिंगानें पाहिल्यास बहुधा निर्णय होतो.

मूल्याविषयीं. एकाच जातीची, सारख्याच स्थितीची खुर्ची लिलावांत कितीस गेली तें पाहावें. आधीं छापलेला अंदाज, हातोडा पडतांचा आंकडा व त्यावर खरेदीदारानें द्यावयाची जादा रक्कम या तीन गोष्टी एक समजूं नयेत. कचेरीची साधी खुर्ची बहुसंख्य, विरळ जातीची थोडी, त्याप्रमाणें भाव. मूळ भाग किती बदलले व हस्तांतराची सांखळी कोठें तुटली यावरून तो उतरतो.

येथें एक कळकळीची सूचना. पुष्कळ व्यापारी व मालक खुर्ची तासून, घांसून, चकचकीत करून विकावयास काढतात. त्यांत खूण जाते, झीज जाते. मग खऱ्या खुर्चीसहि आपलें खरेपण सिद्ध करतां येत नाहीं. पोथीची हरताळलेली ओळ आपण खरवडून काढीत नाहीं, मग हें कां करावें? तसेंच सरकारी लिलावांच्या याद्या व पावत्या खुर्च्यांइतक्याच जपल्या पाहिजेत. सांखळीचे पहिले दुवे त्यांतच आहेत. उघडपणें नक्कल म्हणून केलेल्या खुर्चीविषयीं आमची तक्रार नाहीं. नकलकारानें पुष्पिकेंत आपलें नांव व शक घातला तर ती प्रत प्रामाणिकच होय. ज्यांच्या संग्रहीं अशी खुर्ची असेल त्यांनीं तिजवरील अक्षरें जशींच्या तशीं उतरून ठेवावीं, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतों.