जाझ, रॅप आणि जात्यावरची ओवी



गेल्या आंब्याच्या हंगामात जामसंड्यात पेट्या भरता भरता आमच्या गटातल्या एका आजीने जात्यावरची ओवी म्हटली. तिथे कामाला असलेल्या मुलांनी ती मोबाइलवर टिपली, रात्री तिच्याखाली रॅपचा ठेका घातला आणि गावभर पाठवली. आम्हाला ती भारी आवडली. आजीनेही ऐकली आणि एवढेच विचारले, "ओवी माझी मां, मगे माझा नाव खंय?"

आज त्याच प्रश्नावर बोलूया.

जुन्याला नव्याची जोड देणे काही आजचे नाही. जाझ हे संगीतच मिसळीतून झाले. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची कष्टाची गाणी, त्यांची चर्चमधली भजने आणि बँडची वाद्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स शहरात एकत्र आली. ठेका ठरलेला, पण वाजवणारा त्यावर आयत्या वेळी आपल्या मनाचे सूर रचतो. आपल्या फुगडीत नाही का, चाल तीच, पण एखादी बाई उभ्या उभ्या नवे शब्द जोडते!

१९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा काळ्या वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजला. चर्चच्या शाळेत सूर शिकून मुंबईत आलेल्या गोव्याच्या वादकांनीही हे संगीत आपलेसे केले. हळदोण्याचे आंतोनियो वाझ ट्रंपेट वाजवत. लोक त्यांना चिक चॉकलेट म्हणत. आपल्या पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांनी त्यांना हाताशी घेतले. १९५१ चा भगवानदादांचा 'अलबेला' आठवा. त्यात लतादीदींची अंगाई आहे आणि पाय थिरकवणारा ट्रंपेटही आहे. चाल ओळखीची, म्हणून कान बिचकत नाही. ठेका नवा, म्हणून कंटाळत नाही. मिसळीची गोडी इथेच आहे.

हिप हॉपची गोष्टही तशीच. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब वस्तीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला तिकीट लावून नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. तिचा भाऊ कूल हर्क तबकड्या लावत होता. लोक ज्या ठेक्यावर जास्त नाचत, तेवढाच तुकडा तो पुन्हा पुन्हा वाजवी. पुढे त्यावर तालात बोलणे आले, तेच रॅप. नंतरच्या पोरांनी घरातल्या जुन्या जाझच्या तबकड्या काढल्या आणि त्यांचे तुकडे रॅपखाली घातले. १९९१ मध्ये 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या गटाने तर जाझमधले नामवंत वादक रॉन कार्टर यांनाच वाजवायला बोलावले. आजोबांच्या पिढीचे वाद्य आणि नातवांचे बोल एका गाण्यात आले.

पण सगळेच असे बोलावत नसत. पुष्कळ जण न विचारता तुकडे घेत. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या न्यायालयाने निकाल दिला, की दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा परवानगीवाचून घेता येणार नाही.

आपल्याकडे सिनेमाच्या गाण्यांत वाजवणाऱ्या कितीतरी गोव्याच्या वादकांची नावे पडद्यावर आलीच नाहीत. 'अमर अकबर अँथनी'मधले अँथनी गोन्साल्विस हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. ते खरोखरच्या माणसाचे आहे, हे किती जणींना माहीत होते? संगीतकार प्यारेलाल यांचे ते व्हायोलिनचे गुरू. १९७७ मध्ये त्या गाण्यातून शिष्याने गुरूचे नाव घरोघरी पोचवले.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांना ठेका घालू द्या, त्याने ओवी बाटत नाही. उलट जाते बंद पडले तरी ती चालू राहते. फक्त टिपण्याआधी विचारायला सांगा, आणि सुरुवातीला म्हणणारीचे नाव आणि गाव बोलायला लावा.

आमच्या मुलांनी तसे केले. नव्या गाण्यात आधी आजीचे नाव येते, मग जामसंडे, मग ओवी. आजी ऐकून म्हणाली, "आता वाजव मोठ्यान!"